आशाच्या मशीनचं पायडल

त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास फुलाबाईच्या टोळीनं कात्र्या खाली ठेवल्या. गोडी छाटणी ऐन भरात आलेली, रंगनाथच्या दोन एकर द्राक्षबागेतल्या अकरा ओळी अजून उभ्याच, छाटलेल्या ओळींना डोळे फुटायच्या औषधाची पेस्ट लावायची राहिलेली, आणि बाराजणांची टोळी बांधावर येऊन उकिडवी बसली. छाटणीच्या दिवसांत मजूर बसला म्हणजे काय होतं, ते दिंडोरीच्या पट्ट्यातल्या बागायतदाराला विचारावं. रंगनाथचा पोरगा अमोल हातातला चहा ओतून देऊन पळत आला.

"काय झालं फुलाबाई? कोन काय बोललं का तुमाला?"

"कोन नाय बोलला." फुलाबाई पेठ तालुक्याकडची, टोळीची मुकादमीण. बोलणं कमी आणि बोलली की मागं न घेणारी. "नळ चालतोय."

"कंचा नळ?"

"त्यो पायाचा. वर पाय नसताना चालतोय. काल दुपारी दोघींनी पाहिला, आज सकाळी मी पाहिला. आमी हितं हात धुनार नाय, आन हात धुवायची सोय नसंल तर पेस्ट लावनार नाय."

बोलून ती तंबाखू मळायला लागली. तिच्या बाजूनं विषय संपला होता.

घराच्या ओट्यावर सगुणाबाई तांदूळ निवडत होती. तिच्या कानावर सगळं पडत होतं, पण तिनं मान वर केली नाही. अमोलच्या आईला गाव गेली चार वर्षं अशीच खाली मान घालून बसलेली बघत होतं.

बागेच्या कडेला, घरापासून वीसेक पावलांवर पाण्याची काळी टाकी होती. तिच्या नळाला हातानं फिरवायची चावीच नव्हती. खाली शिलाई मशीनचं लोखंडी पायडल बसवलेलं, पायडलाला सळई, सळईला नळाचा दांडा. पाय दाबला की पाणी, पाय काढला की बंद. निदान तसं व्हायला हवं होतं. पण रंगनाथनं ते पायडल मशीनच्या मोठ्या चाकासकट बसवलं होतं, म्हणून पाय काढला तरी ते दोन-तीनदा वरखाली व्हायचं आणि दर खेपेला ओंजळभर पाणी जास्तीचं पडायचं. खटक्-खट, खटक्-खट. पेस्ट लावताना मजुरांचे हात रंगून निघतात, आणि ते औषध अंगावर राहिलं तर कातडी सोलते. तसल्या हातांनी नळ धरायला नको, म्हणून आजूबाजूचे बागायतदार येऊन हा नळ बघून गेले होते. रंगनाथचं वेल्डिंगचं दुकानच होतं, त्यानं दोघा-तिघांना तसे नळ करूनही दिले. पण त्यांचे नळ मुकाट होते. हा बोलायचा.

आणि ज्या मशीनचं ते पायडल होतं ती मशीन आशाची होती. आशा म्हणजे अमोलची पहिली बायको. दोन हजार एकवीसच्या एप्रिलात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ती नाशिकला दवाखान्यात गेली आणि परत आली ती अस्थींच्या मडक्यातून.

तिच्या हयातीत त्या मशीनचा आवाज हीच घराची जाग होती. लग्नसराईत तर उजाडायच्या आत खटक्-खट सुरू व्हायचं. सगुणाबाई चुलीपाशी बसून ओरडायची, "अगं, कोंबड्याला तरी आधी आरवू दे!" आणि आतून आशा हसायची. आता तोच आवाज टाकीपाशी यायचा. कोणी हात धुतले की यायचा. सगुणाबाईच्या हातातलं काम तेवढा वेळ थांबायचं. चार वर्षांत तिनं त्या पायडलावर एकदाही पाय ठेवला नव्हता. घागरीतलं पाणी तांब्यानं घ्यायची, पण टाकीकडं जायची नाही. गाव काय आंधळं नव्हतं. सासू सुनेला भिते, एवढं गावानं केव्हाच ठरवून टाकलं होतं.

शेजारची नवसाबाई तर तोंडावर म्हणायची, "अहेवपनी गेलेली बाई ती, सगुने. मागं लय काय काय ऱ्हातं बाईचं. त्यात सवत आली, सवतीला दिवस गेले. आता ती गप बसंल व्हय?"

सगुणाबाई यावर हो म्हणत नसे, नाहीही म्हणत नसे. आणि तिच्या गप्प बसण्यातून गावानं हवं ते शिवून काढलं. पोरीसोरी टाकीच्या बाजूनं जाईनाशा झाल्या. आशा जिवंतपणी ज्यांचे ब्लाउज फुकट उसवून द्यायची, त्याच बाया आता तिचं नाव निघालं की बाधा नको म्हणून ब्लाउजावर थुंकल्यासारखं करायच्या.

गडबड ऐकून सृष्टी आतून बाहेर आली. अमोलची ही दुसरी बायको, सटाण्याकडची. सहावा महिना चाललेला. तिच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी चांदीचा एक छोटा टाक होता, आशाच्या नावाचा. पहिलीच्या जागी येणाऱ्या दुसरीनं तो घालायचा, सणावाराला पहिला घास तिला दाखवायचा, अशी रीत. सृष्टीनं ती दीड वर्षं बिनतक्रार पाळली होती. आज तिनं तो टाक मुठीत घट्ट धरला होता.

"मी पन पाहिलंय," ती अमोलला म्हणाली. "परवा दुपारी. तुम्ही औषध आणायला गेलेला. लाईट नव्हती, मोटर बंद. वारा म्हणाल तर पान हलत नव्हतं. मी कपडे वाळत घालत होते आणि ते चालू झालं. दोन-तीनदा नाही हो. चालतच राहिलं. पाणी पडतंय, पडतंय. मी 'अगं बाई' म्हटलं, तेव्हा थांबलं."

"पाइपात हवा धरती, सृष्टे. त्यानं हालतं."

"असेल. मी आईला फोन केला. आई म्हनते, तठे ऱ्हाऊ नको बेटा, घर ये." तिचा आवाज चिरकला. "मी तिचं काय घेतलंय हो? टाक घालते, घास काढते. माझ्या पोराला काय झालं तर? एक तर तो नळ राहील या घरात, नाही तर मी."

बांधावरची टोळी कान देऊन ऐकत होती. फुलाबाईनं तंबाखूची चिमूट ओठाखाली सरकवली.

अमोलचं डोकं फिरलं. तो तरातरा वडलांच्या दुकानाकडं गेला. दुकान म्हणजे घरालाच लागून पत्र्याची पडवी. रंगनाथ आत कात्र्यांना धार लावत बसला होता.

"बाबा, ग्राइंडर द्या. कापून टाकतो ते."

रंगनाथनं कात्रीची धार अंगठ्यानं चाचपली. "मी नाय देनार."

"मजूर उठून चाललेत! ही माहेराला चालली! एका लोखंडापायी?"

"तुझ्या आईला इचार," रंगनाथ म्हणाला. "ती म्हनली काप, तर मी सोता कापतो. दुसऱ्या कोनाचं आयकायचा नाय."

अमोलनं ओट्याकडं बघितलं. सृष्टीनं बघितलं. बांधावरच्या बारा जणांनी बघितलं. सगुणाबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

काप, एवढंच म्हणायचं होतं. चार वर्षं ती ह्या एका शब्दाची वाट बघत होती. कापा, भंगारात घाला, चार कोस लांब नेऊन टाका, म्हणजे तो आवाज एकदाचा बंद होईल. सून राहील, नातवंड ह्याच घरात होईल, मजूर कामाला लागतील. कोणाचंच काही बिघडणार नव्हतं. बिघडलंच तर मेलेल्या एका पोरीचं नाव बिघडणार होतं, आणि ते काही ती ऐकायला येणार नव्हती.

सगुणाबाई उठली. ती पडवीत गेली आणि नवऱ्यापुढं उभी राहिली. अमोलला तिनं हातानंच बाहेर घालवलं.

"कापा," ती हळू आवाजात म्हणाली. "आता लय झालं. चार वर्सं मला दावायला ठिवलंत, दावलंत. भरून पावले."

रंगनाथनं कात्री खाली ठेवली. "तुला दावायला? काय दावायला?"

"उगा येड पांघरू नका. तुमाला समदं ठावं हाय."

आणि खरंच सगळं त्याला ठाऊक असणार, असं ती चार वर्षं धरून चालली होती. त्या एप्रिलात ताप आधी आला होता तो तिला. खरड छाटणी चालू होती, तेव्हाही फुलाबाईचीच टोळी होती. ताप सांगितला असता तर घराला कोरोनाची पट्टी लागली असती, टोळी पेठेला पळाली असती, बाग तशीच राहिली असती. पण बागेचं निमित्त झालं. खरी गोष्ट अशी की ती भ्याली होती. गावातली तीन माणसं दवाखान्यात गेली होती आणि तिन्ही बांधलेल्या पिशवीतून गेली. आपल्यालाही नेतील, कोणी तोंड बघणार नाही, या भीतीनं ती पाच दिवस ताप अंगावर घेऊन उभी राहिली. खोकला आला की गोठ्यात जायची. तेव्हा टाकीला साधा नळ होता, घरची माणसं आणि मजूर सगळे एकच चावी फिरवायचे. सगुणाबाई आपलं पाणी झालं की ती चावी पदरानं पुसायची. आजूबाजूला बघून, घाईघाईनं. पुसलं म्हणजे गेलं, असं तिला वाटायचं. सहाव्या दिवशी तिचा ताप उतरला. नवव्या दिवशी आशा पडली.

आशा दवाखान्यात गेल्याच्या तिसऱ्या दिवशी रंगनाथनं तिची मशीन ओट्यावर आणून खोलायला घेतली होती. सगुणाबाई दारात उभी राहून बघत होती. जित्या बाईची मशीन कोणी खोलतं का? तिला विचारायचंही धाडस झालं नाही. ह्याला कळलंय, हात कुणाचा लागला ते ह्याला कळलंय, म्हणून हा बिनहाताचा नळ करतोय, एवढंच तिच्या मनानं घेतलं. नळ बसला त्याच दिवशी आशा गेली. त्यानंतर नवरा-बायको जेवले, झोपले, सोयरीक जुळवायला सटाण्याला जाऊन आले, पण ह्या गोष्टीवर दोघांत एक अक्षर निघालं नाही.

"ताप तुला व्हता, त्ये मला ठावं हाय," रंगनाथ म्हणाला. "मला आशानं सांगितलं."

सगुणाबाईनं दाराचा पत्रा धरला.

"दवाखान्यातून फोन आलता तिचा, तिसऱ्या दिशी. धापा टाकत बोलत व्हती. म्हनली, मामा, आत्याबाईला काय बोलू नका. त्या चावी पुसत्यात पदरानं, मी रोज बघायचे. त्यांना वाटतंय कोनाला कळलं नाय. वाटू द्या. त्यांना न्हेलं आसतं तर त्या भ्यानंच गेल्या आसत्या."

"बघायची?"

"तुला काढा द्यायची ना? तुला एकटीला दिला तर तू वळखशील, म्हनून समद्या घराला पाजला तिनं. मी शिव्या घातल्या त्या कडू पान्यापायी."

सगुणाबाईला तो काढा आठवला. तोंड वेडंवाकडं करणारा अमोल आठवला, आणि ग्लास रिकामा होईपर्यंत शेजारी उभी असणारी आशा.

"आन मशीन?" तिनं विचारलं.

"तिनंच सांगितलं खोलायला. म्हनली, माझ्या मशीनचं पायडल काढा आन नळाला बसवा, म्हंजी आत्याबाईला चावी धरायला नको आन पुसायला बी नको. औंदा लग्नं बंदच हायेत, कोनाचे ब्लाउज शिवायचेत? आल्यावर दुसरं पायडल घेऊन द्या म्हनली." रंगनाथ थांबला. त्याचे हात वंगणानं काळे झालेले होते, ते त्यानं मांडीवर उताणे ठेवले. "बसवलं, पानी आलं, म्हनून तिला सांगायला फोन लावला. तर त्यो दुसऱ्याच बाईनं उचलला. म्हनली, तुमी पेशंटचे कोन?"

बाहेर फुलाबाईच्या टोळीतलं कोणीतरी खाकरलं. उन्हानं पत्रा तापायला लागला होता.

"चार वर्सं," सगुणाबाई म्हणाली. "चार वर्सं तुमी बोलला नाय."

"तिनं शपथ घातली व्हती. आन तू बी कुठं बोललीस? मला वाटलं, तुला त्यो इषय नको आसंल."

"शिव्या घातल्या आसत्या तिनं, तर बरं झालं आसतं," सगुणाबाई म्हणाली आणि पडवीच्या उंबऱ्यावर बसली. आपल्याला मारायला टपलेली म्हणून जिच्यापासून चार वर्षं पळालो, ती तर आपल्यासाठी पाण्याची सोय करून गेली. आणि आपण गावाला तिची हडळ करू दिली. नवसाबाईला एकदा, फक्त एकदा, "माझी सून तसली नव्हती" एवढंही म्हटलं नाही. कारण तसं म्हटलं असतं तर मग कशानं गेली, हा पुढचा प्रश्न आला असता.

"मंग कापू?" रंगनाथनं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होता.

ती उठली.

बाहेर सृष्टीनं पिशवी भरून ओट्यावर आणून ठेवली होती. अमोल तिची समजूत काढत होता. ऐकायला हपापलेली नवसाबाईही एव्हाना कुंपणाशी येऊन उभी होती. सगुणाबाई टाकीपाशी गेली. पायडलापासून हातभर अंतरावर थांबली. चार वर्षांत ती एवढ्या जवळ आली नव्हती.

"आयका समदे," ती म्हणाली. आवाज इतका चोरटा निघाला की तिला तो पुन्हा काढावा लागला. "आयका. आशा कोनाला धरत नाय. ती भूत नाय. त्या टायमाला ताप आधी मला आलता. मी लपवला. ह्या टाकीची चावी मी तसल्या हातानं फिरवली, आन पदरानं पुसली. तिला माझं लागलं. ती माझ्यापायी गेली."

कुंपणापाशी नवसाबाईचा हात तोंडावर गेला.

"तिला ठावं व्हतं. तरी तिनं कोनाला सांगितलं नाय. ह्यो नळ तिनंच करायला लावला, मला चावी धरायला लागू नये म्हनून. आन मी तुमच्यासंगं बसून तिला भूत म्हनू दिलं. ज्याला भ्यायचं त्यानं मला भ्या. तिचं नाव घिऊ नका."

अमोल जागच्या जागी मातीत बसला. तो आईकडं न बघता बोलला.

"मला वाटत व्हतं, रोग मी आनला. दिंडोरीच्या बाजारातून. मीच गेलतो ना तवा, दोनदा. चार वर्सं मी..." त्यानं मातीचं एक ढेकूळ मुठीत फोडलं. "आई, तू मला रडताना बघितलंस. तवा बी नाय सांगितलंस."

पोरगा स्वतःला खातोय हे सगुणाबाईनं बघितलं होतं, आणि बघून ताटात भाकरी वाढली होती.

पहिली उठली ती फुलाबाई. तिनं लुगडं झटकलं, कात्री उचलली आणि टाकीपाशी येऊन पायडलावर पाय दिला. हात धुतले. पाय काढल्यावर पायडल दोनदा हिंदकळलं, ते वरचं पाणीही तिनं ओंजळीत घेतलं आणि तोंडावर मारलं.

"मंग हिला कशाला भ्यायचं?" ती टोळीला म्हणाली. "चला, उठा. ऊन चढलं."

टोळी उठली. ओळीनं नळाशी आली, हात धुऊन बागेत गेली. पण जाताना प्रत्येकीनं सगुणाबाईपासून जरा अंग चोरलं. फुलाबाईनंसुद्धा. ते सगुणाबाईला दिसलं.

सृष्टी दुपारच्या गाडीनं सटाण्याला गेलीच. तिनं सासऱ्यांना वाकून नमस्कार केला. सासूपुढं ती क्षणभर उभी राहिली, हात पोटावर होता. "येते," म्हणाली. तिला अडवायला सगुणाबाईला तोंड उरलं नव्हतं. अमोल तिला सोडायला गेला आणि आठ दिवसांनी एकटा आला.

मग गावाचं जे व्हायचं ते झालं. गावाला कोणीतरी लागतंच. आशा त्यातून सुटली, सगुणाबाई अडकली. बाया टाकीशी यायला लागल्या, पायडल दाबून झालं की म्हणायच्या, "आशे, दे गं बाई अजून ओंजळभर." लहान पोरं तर ते हिंदकळणारं पाणी झेलायला मुद्दाम थांबायची. आणि सगुणाबाई समोरून आली की त्याच बाया पोरांना मागं ओढायच्या. संक्रांतीला नवसाबाईकडचं हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. एकदा तिनं कोणाच्या पोराला गूळ दिला, तर त्या पोराच्या आईनं तो तिच्या देखत कोंबड्यांना टाकला. अमोल दोन महिने तिच्या हातचं जेवला पण तिच्याशी बोलला नाही. पुढं बोलायला लागला, ते कामापुरतं.

सगुणाबाईला ह्याचं वाईट वाटायचं. वाईट वाटायचं आणि तरी कसलासा भार हलका झाल्यासारखंही वाटायचं. खटक्-खट ऐकू आलं तर आता तिच्या हातातलं काम थांबत नव्हतं. पण पायडलावर पाय मात्र तिनं अजूनही ठेवला नव्हता. आधी भीतीनं ठेवला नव्हता, आता लाजेनं. ज्या पोरीनं आपल्यासाठी स्वतःची मशीन मोडली, तिच्या वस्तूवर पाय द्यायचा कसा? आयुष्यभर सुनेवर पाय देऊनच राहिलो की आपण, असं तिला वाटे, आणि ती घागरीकडं वळे.

तसं एकदा तिच्याही समोर झालं. फेब्रुवारीतली दुपार होती, घरात कोणी नव्हतं. टाकीपाशी पायडल आपोआप चालू झालं आणि चालत राहिलं. सगुणाबाई ओट्यावर आली. मोटर बंद होती. पाणी पडत होतं, वाळल्या मातीत जात होतं. हवा असेल पाइपात. ती पायरीवर बसली आणि थांबेपर्यंत बसून राहिली. "दमशील," एवढंच ती म्हणाली.

जानेवारीत सृष्टीला मुलगी झाली होती. बातमी अमोलच्या फोनवर आली, फोटोही आला. सगुणाबाईला तो रंगनाथनं दाखवला. बारसं सटाण्यालाच झालं. नाव काय ठेवलं ते तिनं विचारलं नाही. सून आता परत येईल न येईल, हे विचारायचा आपल्याला हक्क नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. पण रोज सकाळी ती बाळंतिणीची खोली झाडत होती, आणि बाजेवर घातलेला गोधडीचा थर रोज उन्हाला लावत होती.

मार्चच्या मधल्या आठवड्यात, बागेची तोडणी चालू असताना, दारात गाडी थांबली. पुढच्या बाजूनं अमोल उतरला. मागून सृष्टी उतरली, वाळलेली, डोक्याला रुमाल बांधलेला, छातीशी गुंडाळलेलं लेकरू. रंगनाथ क्रेट तसेच सोडून पळत आला. सगुणाबाई ओट्यावर भाकरतुकडा घेऊन उभी राहिली खरी, पण ओवाळून टाकायला पुढं जावं का, हे तिला कळेना. तिनं तो रंगनाथच्या हातात दिला. रंगनाथनं आपल्याला येईल तसा तो मायलेकींवरून ओवाळला आणि कुठं टाकायचा ते न कळून तसाच हातात धरून उभा राहिला.

सृष्टी ओट्यापाशी आली. तिच्या गळ्यात तो टाक होता. तिनं सासूकडं नीट, सावकाश बघितलं.

"आईनं सांगितलं, जाऊ नको," ती म्हणाली. "मी पुष्कळ दिवस विचार केला. ज्या बाईनं स्वतःहून सांगितलं, ती पुन्हा लपवणार नाही, असं मी धरलंय. पण मला काही झालं, तिला काही झालं, तुम्हाला साधी शिंक आली, तरी आधी मला सांगायचं. शपथ घ्या."

"घेते," सगुणाबाई म्हणाली. "तुजी शप्पत. ह्या लेकराची नाय घेत."

सृष्टीनं मान हलवली. मग वळून टाकीकडं चालायला लागली. दहा पावलांवर थांबून मागं बघत म्हणाली, "या ना. हात धुतल्याशिवाय नाही देणार मी."

सगुणाबाई ओट्यावरून खाली उतरली. बागेतल्या तोडणीच्या बाया क्रेट भरायच्या थांबल्या. ती टाकीपाशी आली. पायातली चप्पल तिनं बाजूला काढून ठेवली. देवळात शिरताना काढतात तशी. मग वाकून पायडलाला हात लावला, तो हात छातीला लावला, आणि पाय ठेवला.

लोखंड ऊन लागून तापलेलं होतं. पाणी मात्र गार होतं. तिनं मनगटापर्यंत हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून धुतले. पाय काढला तरी पायडल वरखाली होत राहिलं आणि तिनं हात त्याच्याखाली तसेच धरून ठेवले. तिचे डोळे गळत होते, तेही ती पुसत नव्हती. पायडल थांबलं. तिनं ओले हात सुनेपुढं केले.

सृष्टीनं लेकीला छातीशी आणखी घट्ट धरलं. सासूच्या हातांकडं तिनं बराच वेळ बघितलं.

"अजून एकदा," ती म्हणाली.

सगुणाबाईनं पुन्हा पाय ठेवला.